सुरीचे पाणी आणि छपरावरची भट्टी

या पानावर आम्ही आजवर सूत, ग्रे कापड, उधारी आणि वटाव यांवरच लिहीत आलो. कापडवाल्याने लोखंडावर का बोलावे, असे वाचक बंधू विचारतील. परंतु मामला आमच्या मागच्याच गल्लीतला आहे, त्याचा निकाल आमच्या बैठकीत लागायचा होता, आणि त्या निकालात आम्ही आधी चूक केली होती. म्हणून हा विषय घेतला.

भिवंडीत आमच्या पेढीच्या मागे चार लूमचा एक लहान कारखाना होता. बापाने तो वीस वर्षे चालवला. वीज, सूत आणि मजुरी यांचा मेळ बसेना, तेव्हा लूम भंगारात गेले. अशा कहाण्या इथे घरोघरी आहेत, त्या पुन्हा सांगत नाही. या बापाचा धाकटा मुलगा आय.टी.आय.चा फिटर. नोकरी मिळेना. त्याने घराच्या छपरावर तेलाच्या पत्र्याच्या डब्याला आतून माती लेपली, बाजूने नळी घातली, पंख्याची हवा सोडली आणि लाकडी कोळशावर सुऱ्या तापवून पाजवू लागला. पंधरा दिवस कोणाला पत्ता नव्हता. एका संध्याकाळी लाल सुरी तेलात अर्धवट बुडाली आणि तेलाने हातभर ज्वाला धरली. सारी गल्ली जमा झाली.

त्याच रात्री मोहल्ल्यातील पाच-सहा बुजुर्ग आमच्याकडे आले. निम्म्यांना आगीची भीती होती. बाकीचे हळू आवाजात म्हणाले, "हाजीसाहेब, मुसलमानाचा पोरगा घरात सुरे बनवतो. उद्या कोणी चिठ्ठी लिहिली तर पोलीस एकट्या त्याच्याच घरी थांबतील काय?" आम्ही मुलाला बोलावले आणि साफ सांगितले, "बेटा, उद्यापासून हे बंद." तो एवढेच म्हणाला, "चाचा, बंद करतो. पण मग काय करू ते पण सांगा." आमच्यापाशी उत्तर नव्हते.

मत बदलायला कारण घडले बकरी ईदला. ईदच्या बाजारातून आम्ही एक चकचकीत सुरा घेतला होता. विक्रेत्याचे नाव घेत नाही, कारण त्यालाही आपण काय विकतो हे ठाऊक नसावे. पहिल्याच बकऱ्याला धार बसली. कसाबाने ती दगडावर लावली, दुसऱ्या बकऱ्याला पुन्हा बसली. तो वैतागून म्हणाला, "हाजीसाहेब, ह्याला पाणीच नाही." जबह करण्यापूर्वी सुरी धारदार करावी, जनावराला तकलीफ देऊ नये, अशी ताकीद हदीस शरीफमध्ये स्पष्ट आहे. आम्ही जनावर पारखायला चार दिवस घालवले, दात पाहिले, कान पाहिले, आणि सुरा मात्र चमक पाहून घेतला. ईदच्या तिसऱ्या दिवशी तो सुरा घेऊन आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो.

त्याने कानस घेतली आणि सुऱ्याच्या धारेवर ओढली. कानस लोण्यात चालावी तशी चालली. मग स्वतःची एक ओबडधोबड सुरी काढली, मूठही नसलेली, काळी. तिच्यावर कानस काचेवरून घसरावी तशी घसरली, ओरखडा उमटेना. "चाचा, तुमचा सुरा साधी एम.एस. पट्टी आहे. त्यात कार्बन नाही. सात वेळा तापवा, सात वेळा बुडवा, तो मऊच राहणार."

आमच्या धंद्यात पक्का रंग आणि कच्चा रंग असतो. दुकानाच्या दिव्याखाली दोन्ही सारखेच दिसतात, दोन्ही ताजे, दोन्ही सुंदर. फरक पहिल्या धुण्यात कळतो, आणि तोवर गिऱ्हाईक गावी पोहोचलेले असते. कच्चा रंग पक्का म्हणून विकणाऱ्याला आपण काय म्हणतो ते छापता येणार नाही. मग न पाजवलेली सुरी कडक म्हणून विकणाऱ्याला वेगळा न्याय का?

त्यानंतर महिनाभर आम्ही त्या मुलाकडून, आणि त्याने ज्यांना उस्ताद केले त्या एका म्हाताऱ्या शिकलगाराकडून, हे काम बसून पाहिले. शिकलगार हा शब्द मूळ अरबी 'सैकल' म्हणजे पॉलिश, घासून चमक आणणे, यावरून आला आहे. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले, तिथे 'आब' म्हणजे पाणी, चमक आणि पोलादाची धार हे तिन्ही अर्थ एकाच शब्दात शिकलो. मराठीतही लोहार सुरीला 'पाणी देतो' म्हणतात. दोन्ही भाषांनी एकच गोष्ट पाहिली होती.

काम असे चालते. पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडा कार्बन. साध्या पट्टीत तो पाव टक्क्याहून कमी, मोटारीच्या पाट्याच्या पोलादात, म्हणजे बाजारात ज्याला ई.एन. ४५ म्हणतात त्यात, अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर, आणि बेअरिंगच्या ई.एन. ३१ मध्ये सुमारे एक टक्का. असे पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या वर गेले की आतली रचना बदलते आणि कार्बन लोखंडात विरघळतो. त्या अवस्थेत ते झटकन थंड केले तर कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही, तो आतच अडकतो आणि पोलाद कडक होते. हळू थंड केले तर पुन्हा मऊ. सारा खेळ या काही सेकंदांचा आहे.

पण घरच्या भट्टीत अंश मोजायचे कशाने? इथे तारेला बांधलेले लोहचुंबक उपयोगी पडते. सुमारे ७७० अंशांवर पोलादाचे चुंबकाशी नाते तुटते. लाल पाते चुंबकाला चिकटेनासे झाले की समजावे, मजल जवळ आली. आणखी थोडा रंग चढू द्यावा, आठशेच्या थोडे वर, आणि पाते टोकापासून मुठीपर्यंत एकाच रंगाचे दिसले पाहिजे. म्हणून हे काम उन्हात करू नये. भर दुपारी लाल रंग दिसतच नाही, माणूस तापवत राहतो आणि पोलाद जळते. जास्त तापलेले पाते मोडून पाहावे, आत साखरेसारखे जाड दाणे दिसतात. नीट पाजवलेल्याचा दाणा मखमलीसारखा बारीक असतो.

उस्ताद चुंबक वापरत नसत. साठ वर्षांची नजर, अंधारात रंग पाहून सांगत. मुलाने चुंबक काढले तेव्हा ते हसले. मग मुलाने पाच पाती तापवली, उस्तादांनी प्रत्येक वेळी 'आता' म्हटले आणि मुलाने चुंबक लावले. चार वेळा बरोबर. पाचव्या वेळी पाते चिकटले. म्हातारा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मोतीबिंदू आहे. मला पण एक चुंबक आणून दे."

भट्टीचे म्हणाल तर ती फार साधी आहे. जुने लोखंडी घमेले किंवा जाड पत्र्याचा डबा, आत चिकणमाती आणि वाळूचा चार बोटे जाड लेप, तो सावलीत आठवडाभर सुकवलेला. बाजूने एक काळी लोखंडी नळी, तिला हवेचा पंखा किंवा हाताने फिरवायचा भाता. लाकडी कोळसा, अक्रोडाएवढे तुकडे करून. निखाऱ्यात एक जाड काळा पाइप आडवा ठेवायचा आणि पाते त्या पाइपच्या पोटात तापवायचे, म्हणजे हवेचा झोत थेट पात्यावर येत नाही, टोक जळत नाही आणि उष्णता सारखी लागते. ही पाइपची युक्ती मुलाची. पहिली सहा पाती टोकाशी जळाली तेव्हा सुचली. नवीन माल म्हणून त्याने फक्त दोन भट्टीविटा, सांडशी आणि तेल विकत घेतले, बाकी सारे भंगारातून. आमच्या एका थानाच्या नमुन्यांवर याहून जास्त खर्च होतो.

तापवण्याआधी पाते दोन-तीन वेळा त्या रंगापर्यंत नेऊन हवेत थंड करावे. घडताना आणि घासताना आत बसलेला ताण त्याने निघतो, नाहीतर तेलात पाते वाकते. मग शेवटचे तापवणे आणि तेल. पाटा आणि बेअरिंगच्या पोलादाला पाणी नको. पाण्यात इतका जोराचा झटका बसतो की 'टिंग' असा आवाज येतो आणि पात्याला चीर पडते. शेंगदाण्याचे किंवा सरकीचे तेल, पन्नास-साठ अंश कोमट केलेले. कोमट तेल पातळ असते म्हणून थंड तेलापेक्षा ते चांगले काम करते. गॅरेजचे जळलेले इंजिन ऑइल फुकट मिळते म्हणून घेऊ नये, त्याचा धूर विषारी. पाते पूर्ण बुडवावे, लांबीच्या दिशेने पुढे-मागे हलवावे, आडवे हलवू नये.

आणि इथेच बहुतेक नवशिके थांबतात. सुरी कडक झाली, कानस घसरली, झाले काम! वास्तविक या घटकेला ती सुरी काचेसारखी ठिसूळ असते, फरशीवर पडली तर दोन तुकडे. तिला पुन्हा थोडे मऊ करावे लागते. सायझिंगवाल्यांना हे लगेच समजेल. ताण्याला कांजी कमी लागली तर तार तुटते, आणि जास्त लागली तर तार कडक होऊन तीही तुटते. सुरीला ही मधली जागा द्यायची तर सुमारे २०० अंशांवर एक तास, थंड करून पुन्हा एक तास. घासून पांढरे केलेले पाते वाळलेल्या गवताच्या रंगाचे झाले की बस. जांभळे-निळे झाले तर सुरीसाठी ते जास्त मऊ. घरातला केक भाजायचा विजेचा ओव्हन या कामाला चालतो. मुलाने बहिणीचा वापरला. घरात तेलाचा वास आठ दिवस राहिला आणि त्या बाबतीत आम्ही बहिणीच्या बाजूचे आहोत.

काय करू नये तेही सांगतो. स्टेनलेसच्या सुऱ्या या भट्टीत पाजवता येत नाहीत. त्यांना हजार अंशांच्या आसपास किंवा वर, मोजून, ठरावीक वेळ ठेवावे लागते, ते नजरेचे काम नाही. हायस्पीड स्टीलच्या करवतीच्या पात्यांचेही तेच. जुना पाटा फुकट मिळतो, पण त्यात आतल्या आत बारीक चिरा असू शकतात. गिऱ्हाईकाला विकायची सुरी असेल तर बाजारातून ग्रेड माहीत असलेली नवी पट्टी बिलासह घ्यावी. जस्त चढवलेला पाइप भट्टीत कधीही घालू नये. जस्ताच्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. बंद खोलीत कोळसा पेटवू नये, त्या वायूला वास नसतो आणि माणूस झोपेत जातो. तेलाचे भांडे लोखंडी हवे, त्याला झाकण हवे, बाजूला वाळूची बादली हवी. पेटलेल्या तेलावर पाणी ओतणारा स्वतः जळतो. काही मुले घरचा गॅस सिलिंडर आणि जादा दाबाचा रेग्युलेटर लावून भट्टी पेटवतात. घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरणे कायद्याने मना आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी दाटीच्या गल्लीत तो प्रयोग म्हणजे शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे.

आता एक गोष्ट आम्ही आमच्याच धंद्याविरुद्ध सांगतो. भट्टीपाशी पॉलिस्टर किंवा टेरिकॉट घालून उभे राहू नये. ठिणगी पडली तर सुती कापड जळते, त्याला भोक पडते, झटकता येते. पॉलिस्टर वितळते आणि कातडीला चिकटते. आम्ही तीस वर्षे पॉलिस्टर विकले, गिऱ्हाईकाला हे कधी सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही. चांगल्या संगतीला कस्तुरीवाला आणि वाईट संगतीला भाता फुंकणारा अशी उपमा हदीसमध्ये आहे, आणि भातावाल्याजवळ कपडे जळण्याचा धोका तिथेही सांगितलेला आहे. गल्लीतल्या एका बुजुर्गाने तीच हदीस आमच्यापुढे ठेवली. आम्ही अदबीने म्हणालो की ती उपमा संगतीची आहे, लोहाराच्या हलाल कमाईला त्यात कमीपणा नाही. हजरत खब्बाब रजि. हे मक्केत लोहारकामच करीत, तलवारी घडवीत. हजरत दाऊद अलै. यांच्यासाठी लोखंड मऊ केले गेले हे कुरआनात आहे. नवव्या शतकात अल्-किंदीने तलवारींच्या प्रकारांवर स्वतंत्र रिसाला लिहिला, आणि आपल्या दख्खनचे, आजच्या तेलंगणातील कोनासमुद्रमसारख्या गावांचे पोलाद इराणपर्यंत जात असे. ज्यांच्याकडे ही विद्या होती त्यांचीच नातवंडे आज एम.एस. पट्टीचा सुरा ईदला विकत घेतात.

तेव्हा आमचे मत असे झाले की भट्टी बंद करणे हा उपाय नव्हे, जागा बदलणे हा उपाय आहे. छपरावर मात्र नाहीच. पावरलूमच्या गल्लीत कापसाचा बुरा खिडकीच्या गजांवर, विजेच्या तारांवर, सगळीकडे बसलेला असतो. गोदामाला आग लागल्याच्या बातम्या भिवंडीला नव्या नाहीत. त्या रात्री जे बुजुर्ग आगीला घाबरले ते अगदी बरोबर होते. शहराबाहेर आमच्या मेव्हण्यांची वीटभट्टीची मोकळी जमीन आहे. तिथे पत्र्याची शेड घालून दिली. वीटभट्टीच्या शेजारी आणखी एका घमेल्याच्या धुराची कोणाला तक्रार नाही.

दुसरी भीती पोलिसांची. तिच्याकडे आम्ही डोळेझाक करणार नाही. आपल्या मुलांकडे पाहणारी नजर कशी आहे हे आपण जाणतो. परंतु भीतीचे उत्तर लपूनछपून काम करणे नव्हे, काम उघड्यावर आणणे आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची शस्त्रे मोजली जातात, आणि घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या पात्यांना त्यातून वगळले आहे. स्वयंपाकाची सुरी, कसाबाचा सुरा, विळा, शिंप्याची कैची ही कामाची अवजारे. आम्ही मुलाकडून तीन गोष्टी कबूल करून घेतल्या. खंजीर, तलवार, शोभेचा कट्यार असले काही कोणाच्याही शादीसाठी, जुलूससाठी, फोटोसाठी बनवायचे नाही, मग दाम कितीही मिळो. पट्टी खरेदीचे आणि सुरी विक्रीचे प्रत्येक बिल ठेवायचे. आणि उद्यम नोंदणी करून तिचा कागद शेडमध्ये लावायचा. ही नोंदणी २०२० पासून ऑनलाइन आणि फुकट आहे. तरी वकिलाला एकदा विचारून घ्या, असे आम्ही सांगितले, आणि वकिलांनी फी घेतली नाही. सिनेमाने रामपुरीची जी बदनामी केली ती धुवायला बिले लागतात, भाषणे लागत नाहीत.

आता बाजार. कारखान्याच्या स्वस्त सुरीशी किमतीत सामना करायला जाणारा बुडेल. पॉवरलूमवाल्यांनी हा धडा बापाच्या पैशाने शिकलेला आहे. या मुलाची पहिली कमाई नव्या सुऱ्यांची नव्हतीच. ती होती जुन्या पाजवून देण्याची. गल्लीतला मटणवाला, खानावळीचा बावर्ची, भाजीवाला, फळवाला. २०१५ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात बैलांचे काम बंद झाले, कुरेशी बिरादरीचे मोठे सुरे त्या प्रमाणात कमी झाले हे खरे, पण म्हैस, बकरा आणि कोंबडीचे दुकान तर प्रत्येक नाक्यावर आहे. आणि आमच्या धंद्यातील कैच्या! मेरठच्या कैचीला २०१३ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, ती भंगारातल्या चांगल्या पोलादापासूनच घडते. इथले कटिंग मास्टर कैची बोथट झाली की रस्त्यावरच्या चाकावर घासून घेतात. ते चाक इतके तापते की धारेला निळा रंग चढतो, म्हणजे पाणी उतरले. चांगली कैची दोन वर्षांत निकामी. हे थांबवणारा माणूस शहरात बोटांवर मोजण्याइतका.

भांडवलाबद्दल. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक धंद्यांत लोहार, हातोडा आणि अवजार बनवणारे हेही आहेत. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पुढे पाच टक्के दराने कर्ज. सूद ज्यांना नको त्यांनी कर्जापाशी थांबावे, प्रशिक्षण आणि अवजारे सोडायचे कारण नाही. उरलेल्या रकमेसाठी आपण व्यापारी आहोतच. नव्वद दिवसांच्या उधारीवर अनोळखी पार्टीला लाखांचा माल देणारे आम्ही, गल्लीतल्या मुलाला वीस हजार कर्जे-हसना देताना तारण विचारतो. आम्हीही विचारले होते. आमच्या बेगमने ऐकले आणि विचारले, गेल्या वर्षी बुडालेल्या पार्टीने काय तारण दिले होते? रक्कम दुसऱ्या दिवशी दिली.

एका गोष्टीवर मुलाशी आमचे अजून जमलेले नाही. तो म्हणतो प्रत्येक सुरीवर आपली मोहोर मारू. आम्ही म्हणतो आधी शंभर सुऱ्या विकून एकही परत येऊ देऊ नको, मग मोहोर. तूर्त असे ठरले आहे की प्रत्येक सुरी गिऱ्हाईकासमोर कानस लावून दाखवायची, आणि वर्षात धार बसली तर पाजवून फुकट द्यायची. आमचा ईदचा सुरा त्याने भंगारात टाकला, बदल्यात ई.एन. ४५ चा नवीन दिला आणि पूर्ण पैसे घेतले.

शेड जुम्मा सोडून रोज असरनंतर उघडी असते, कारण रंग पाहायला तीच वेळ बरी. ज्या व्यापारी बंधूंना चुंबक सुटताना पाहायचे आहे त्यांनी पेढीवर येऊन आमच्यासोबत चलावे. फक्त सुती घालून यावे.